किल्ली कोणाच्या हाती?

पिढीजात पेढी सांभाळणाऱ्या आपल्या समाजातील अनेक घरांतील मुले-मुली आता पाच-सात सहकाऱ्यांसह सॉफ्टवेअरचा व्यवसाय थाटतात. प्रारंभीच त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, आणि तो लिहिण्या-तपासण्याची साधने कार्यालयातील स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावीत, की क्लाऊडवर, म्हणजे परक्या कंपनीच्या यंत्रांवर भाडे भरून?

वडीलधाऱ्यांचा कल मालकीकडे असतो. भाडे म्हणजे पैसा वाया, ही आपली जुनी समजूत. परंतु सर्व्हर म्हणजे जमीन नव्हे. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, तो उगीच नव्हे. यूपीएस, वातानुकूलन आणि देखभालीचा माणूस हा खर्च वेगळाच. पर्युषणात दुकान बंद ठेवता येते, सर्व्हरला सुट्टी नसते. शिवाय यंत्र आपले असले तरी त्यावरील साधन आपले असतेच असे नाही. कामांची नोंद ठेवणारे ‘जिरा’ अनेक कंपन्या स्वतःच्या सर्व्हरवर वापरीत. ॲटलासियनने त्या सर्व्हर आवृत्तीचे साहाय्य १५ फेब्रुवारी २०२४ रोजी थांबवले.

मग क्लाऊड निर्धोक म्हणावा काय? ‘कोड स्पेसेस’ ही कंपनी इतरांचा कोड सांभाळण्याचाच व्यवसाय करीत असे. जून २०१४ मध्ये एका हल्लेखोराने तिच्या ॲमेझॉनवरील खात्यात शिरकाव करून खंडणी मागितली. कंपनी ताबा परत घेऊ लागताच त्याने माहिती पुसण्यास आरंभ केला. बॅकअपच्या प्रती होत्या, पण त्याही त्याच खात्यात! सुमारे १२ तासांत बहुतेक सारे नष्ट झाले आणि कंपनीला व्यवसाय गुंडाळावा लागला. बँकेची तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. येथे एकाच किल्लीने मूळ आणि प्रत, दोन्ही उघडली.

गिटलॅबचे प्रकरण वेगळे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअप शोधू लागल्यावर कळले की नेहमीचा बॅकअप होतच नव्हता आणि त्याच्या अपयशाची सूचना कोणापर्यंत पोहोचत नव्हती. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावले.

लहान कंपनीने क्लाऊडच घ्यावा, असे माझे मत आहे. मात्र एक प्रत दुसऱ्या कंपनीच्या खात्यात असावी, त्याचा पासवर्ड दुसऱ्या भागीदाराकडे असावा, आणि दर तिमाहीस त्या प्रतीवरून सारे काम पुन्हा उभे करून पाहावे. ‘गिट’मुळे कोडचा संपूर्ण इतिहास प्रत्येक सहकाऱ्याच्या संगणकावर असतो, हे खरे, पण दोषांच्या नोंदी व चर्चा त्यात नसतात, त्यांची प्रत निराळी घ्यावी लागते.

ग्राहक बँक असेल तर गोष्ट बदलते. आयटी आउटसोर्सिंगविषयीचे रिझर्व्ह बँकेचे निर्देश बँकेमार्फत करारात उतरतात. माहिती कोठे राहील, तपासणीचा अधिकार कोणास, हे तेथेच ठरते. मग निवडीला फारसा वावच उरत नाही.