गुण आणि वजन

मनुष्याची योग्यता त्याच्या कामावरून ठरवावी, हें तत्त्व तोंडानें सर्वांस मान्य आहे. परंतु उमेदवार जरा स्थूल असला कीं, हें तत्त्व कचेरीच्या उंबरठ्याबाहेरच थांबतें. स्थूल म्हणजे आळशी, स्थूल म्हणजे बेशिस्त, हा निकाल तो खुर्चीवर बसण्यापूर्वींच लागलेला असतो. जातीवरून कोणास हिणविलें तर निदान चारचौघांत लाज वाटते. अंगलटीवरून हिणविलें तर तो विनोद ठरतो.

या समजुतीला नियमाचें रूप आलेलें पाहावयाचें असेल, तर आपल्या विमानसेवेकडे पाहावें. वजनावरून उड्डाणाचें काम काढून घेतलेल्या हवाई सेविकांनीं इंडियन एअरलाइन्सविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयांत दाद मागितली. ती २००८ सालीं नाकारली गेली. पुढच्याच वर्षीं एअर इंडियानें याच कारणावरून कांहीं सेविकांना नोकरींतून काढलें. २०१४ सालीं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें वजन व उंची यांच्या गुणोत्तराच्या मर्यादा आंखल्या. पुरुषास २५ पर्यंतचा अंक योग्य, स्त्रीस मात्र २२ पर्यंतच. पुरुष ३० वर लठ्ठ, स्त्री २७ वरच!

यावर असें सांगण्यांत येतें कीं, हा प्रश्न रूपाचा नसून सुरक्षिततेचा आहे. संकटसमयीं उतारूंना झटपट बाहेर काढणें हें सेविकेचें कर्तव्य आहे. कर्तव्य आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. मग परीक्षा त्या कर्तव्याचीच कां घेऊं नये? दार उघडण्यास किती वेळ लागला, अरुंद वाटेंतून चपळाईनें जातां आलें कीं नाहीं, हें घड्याळ लावून पाहतां येतें. शिवाय विमानाचें दार पुरुषासाठीं रुंद आणि स्त्रीसाठीं अरुंद होत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ स्त्रीपुरुषांस २५ व ३० या एकाच मर्यादा लावल्या आहेत; स्त्रीदेहांत मेदाचें प्रमाण तर निसर्गतःच अधिक. तेव्हां स्त्रीचे तीन अंक कापण्यामागें सुरक्षिततेची चिंता नसून उतारूंच्या नजरेची आहे, असेंच आम्हांस म्हणावें लागतें. पहिल्या गर्भारपणींच सेविकेची नोकरी संपविणारा नियमही एके काळीं असाच शहाणपणाचा वाटत होता. सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालीं तो रद्द ठरविला.

आणि हा अंक तरी कशासाठीं निघाला? बेल्जमचा गणिती केटले यानें एकोणिसाव्या शतकांत ‘सरासरी मनुष्य’ शोधतांना हें गुणोत्तर बसविलें. तें समुदायाच्या वर्णनासाठीं होतें, एकाएकाच्या न्यायासाठीं नव्हे. तालमींतला पैलवान आणि गादीवरचा शेठजी यांत तें भेद करीत नाहीं.

स्थूलतेपासून रोग संभवतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु वैद्याचा सल्ला निराळा आणि धन्याची शिक्षा निराळी. आनुवंशिकता, बाळंतपण, ग्रंथींचे विकार, औषधें यांनींही वजन वाढतें. त्या सर्वांचा दंड पगारांतून कां वसूल करावा? अमेरिकेंतील मिशिगन राज्यानें १९७६ च्या कायद्यानें वजनावरून होणारा पक्षपात निषिद्ध केला. न्यूयॉर्क शहरानें २०२३ सालीं तेंच केलें. आमच्या घटनेच्या १६ व्या कलमांत धर्म, वंश, जात, लिंग यांचा उल्लेख आहे, वजनाचा नाहीं. आणि तें कलमही सरकारी नोकरीपुरतेंच.

कायदा होईल तेव्हां होवो. दोष केवळ विमान कंपन्यांचा नाहीं. आम्ही स्वतः प्राध्यापकांच्या नेमणूक-समित्यांवर बसलों आहों. एका विदुषीच्या मुलाखतीनंतर ‘या बाई जिना चढून वर्गापर्यंत पोहोंचतील काय?’ असें एक सभासद म्हणाले, आणि आम्ही सर्व हंसलों. तिच्या प्रबंधाविषयीं मग कोणीच बोललें नाहीं. जागा दुसऱ्यास गेली. त्या हंसण्याची आम्हांस आज लाज वाटते. ज्या सुशिक्षित घरांत मुलीच्या पानांतली दुसरी पोळी मोजली जाते, त्याच घरांतून उद्यांचे अधिकारी निघतात. काटा प्रथम तेथून हलविला पाहिजे.