आरोग्यसेवेचा रिकामा आकृतिबंध

नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ या दिवसांत अवघ्या चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात बालके होती. त्याआधी ऑगस्टमध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा येथील रुग्णालयात एका दिवसात अठरा रुग्णांचा मृत्यू झाला होता. दोन्ही प्रसंगी जे घडावयाचे ते घडले. मंत्री धावले, चौकशा जाहीर झाल्या, औषधे होती की नव्हती यावर वाद रंगले. मुंबई उच्च न्यायालयाने नांदेडच्या घटनेची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा राज्यातील रिक्त पदांचा प्रश्न काही काळ ऐरणीवर आला. वृत्तपत्रांचे मथळे बदलले आणि तो पुन्हा मागे पडला.

रुग्ण दूरवरून येतात, खाजगी रुग्णालये त्यांना अखेरच्या अवस्थेत पाठवून देतात, असा खुलासा त्या वेळी करण्यात आला. तो खोटा नव्हता. नांदेडच्या रुग्णालयावर शेजारच्या जिल्ह्यांचा आणि तेलंगणातील सीमाभागाचाही भार असतो. परंतु रुग्ण दूरवरून का येतात, हा खरा प्रश्न आहे. वाटेतील ग्रामीण रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ नसतो, उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसतो, म्हणून अडलेली बाळंतीण आणि कमी वजनाचे मूल शंभर किलोमीटरचा प्रवास करून अधिष्ठात्यांच्या दारात येते. तेथील गर्दी ही त्यामुळे खालच्या प्रत्येक पायरीवर रिकाम्या राहिलेल्या जागांची बेरीज असते. आरोग्यसेवेतील मनुष्यबळाचे नियोजन हा सचिवालयातील रूक्ष विषय समजला जातो. त्याचा निकाल मात्र अशा रात्री लागतो.

लोकसंख्येचे माप

या नियोजनाची परंपरा जुनी आहे. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा देशात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. तेव्हापासून आपण लोकसंख्येच्या मापाने आरोग्यसेवा मोजत आलो. सपाट प्रदेशात ५,००० व डोंगराळ-आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र. ३०,००० व २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. एक लाख वीस हजार व ऐंशी हजार लोकांमागे एक ग्रामीण रुग्णालय, असा हा हिशेब आहे. प्रत्येक संस्थेसाठी पदांचा आकृतिबंध ठरतो आणि वित्त विभागाची संमती मिळाली की पदे ‘मंजूर’ होतात.

ज्या काळात मोजण्याचे दुसरे साधन नव्हते, त्या काळात हे माप उपयोगी होते. त्याच्या उणिवा आता लपत नाहीत. मूळ आधार असलेली जनगणना २०११ ची. २०२१ ची जनगणना लांबली व तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख ठरविण्यात आली. दरम्यान शहरांच्या कडेला नव्या वसाहती उभ्या राहिल्या. कागदावर ती अजून खेडीच आहेत. उलट गडचिरोलीत किंवा मेळघाटात लोकसंख्या थोडी, पण दोन पाड्यांमधील अंतर मोठे. पावसाळ्यात नाला ओलांडून जाणाऱ्या आरोग्यसेविकेचा दिवस लोकसंख्येच्या कोष्टकात मावत नाही. शिवाय कामाचे स्वरूप बदलले. लसीकरण आणि बाळंतपण ही पूर्वीची कामे राहिलीच. त्यांत रक्तदाब व मधुमेहाची तपासणी आली, कर्करोगाची प्राथमिक तपासणी आली आणि या सर्वांची संगणकावरील नोंदही आली. एवढे काम वाढूनही पदांची संख्या त्या मानाने वाढली नाही. मंजूर पदे सगळी भरली, तरी ती गरजेला पुरतील असे म्हणता येत नाही, आणि रिक्त पदांच्या वादात नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

एका जागेला चार माणसे

मनुष्यबळाचा हिशेब किती फसवा असू शकतो, हे परिचारिकेच्या उदाहरणावरून समजते. वॉर्डातील एका जागेवर अहोरात्र एक परिचारिका हवी असेल, तर दिवसाच्या तीन पाळ्या म्हणजे वर्षाच्या १,०९५ पाळ्या झाल्या. एका परिचारिकेच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्या, ३० अर्जित रजा आणि ८ नैमित्तिक रजा वजा केल्या, तर २७५ दिवस उरतात. म्हणजे त्या एका जागेला जवळजवळ चार परिचारिका लागतात. सार्वजनिक सुट्या, आजारपण, प्रसूती रजा व प्रशिक्षण धरले, तर चारही पुरत नाहीत. भारतीय परिचर्या परिषदेने आपल्या निकषांत अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे व इतर रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका सांगितली आणि रजेपोटी तीस टक्के राखीव मनुष्यबळ धरले, ते याच कारणासाठी.

पाच रुग्णांना एक या मापाने वीस खाटांच्या वॉर्डात एका वेळी चार आणि चोवीस तासांसाठी किमान सोळा परिचारिका नेमाव्या लागतील. ज्यांनी सरकारी रुग्णालयाची रात्रपाळी पाहिली आहे, त्यांना हा आकडा ऐकून हसू येईल. तेथे एकच परिचारिका पूर्ण वॉर्ड सांभाळते, आणि खाटा भरल्यावर जमिनीवर गाद्या टाकलेले रुग्णही तिच्याच वाट्याला येतात. नवजात अतिदक्षता कक्षात तर हयगयीला क्षणाचाही वाव नसतो. भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे अशाच कक्षाला आग लागून दहा बालके दगावली; सतरांपैकी सात वाचविता आली. आगीला मनुष्यबळाचा तुटवडा कारणीभूत होता असे नव्हे. परंतु चोवीस तास डोळ्यांत तेल घालून पहारा द्यावयाचा, तर डोळे पुरेसे हवेत, एवढे तरी त्या रात्रीने शिकवावयास हवे होते.

रिक्त पद कोणाच्या सोयीचे?

पदे रिक्त राहतात याला नेहमी एक कारण सांगितले जाते: डॉक्टर खेड्यात जावयास तयार नसतात. विशेषज्ञांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्या बाबतीत मात्र ते लागू पडत नाही. या पदांची जाहिरात निघताच अर्जांचा पाऊस पडतो. जाहिरातच वर्षानुवर्षे निघत नाही, ही अडचण आहे. २०२१ साली राज्याच्या आरोग्य विभागाने गट ‘क’ व गट ‘ड’ संवर्गांची परीक्षा घेतली. प्रश्नपत्रिका फुटल्या, अटका झाल्या, परीक्षा रद्द झाली. त्यानंतर २०२३ मध्ये नवी जाहिरात निघाली, ती एकदम १०,९४९ पदांची. कर्मचारी एका रात्रीत नाहीसे होत नाहीत. निवृत्तीची तारीख सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावरूनच काढता येते. तरीही अकरा हजारांच्या घरात जागा साचतात, याचा अर्थ दरवर्षी भरती करावयाची असते हे शासनाने मनावरच घेतलेले नाही.

यामागे निव्वळ आळस आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल. रिक्त पद हे तिजोरीच्या दृष्टीने बचतीचे पद असते. त्याचे वेतन द्यावे लागत नाही, निवृत्तिवेतनाचा भार येत नाही, आणि पद ‘मंजूर’ असल्याने विधिमंडळात आकडाही दाखविता येतो. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ साली राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक वाटा २०२० पर्यंत आरोग्यावर खर्च करावा, अशी अपेक्षा केली होती. महाराष्ट्रासारखे संपन्न राज्य त्या पल्ल्याच्या बरेच अलीकडे राहिले. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

कंत्राटाचा तोडगा

या पोकळीत कंत्राटी नेमणुकांनी प्रवेश केला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा त्यातील मानधनावरच्या नेमणुका हा लवचिक व तात्पुरता उपाय होता. त्याने अनेक दुर्गम भागांत प्रथमच माणसे पोहोचविली, हे नाकारता येणार नाही. पण तात्पुरता उपाय दोन दशके टिकला की ती व्यवस्थाच बनते. एकाच वॉर्डात, एकाच गणवेशात, तेच काम करणाऱ्या दोन परिचारिकांना दोन वेगळे पगार मिळू लागले. एकीला रजा व निवृत्तिवेतन, दुसरीला अकरा महिन्यांनी नवा करार. २०२३ च्या अखेरीस या कर्मचाऱ्यांनी संप केला. मार्च २०२४ मध्ये दहा वर्षे सेवा झालेल्यांना नियमित पदांवर सामावून घेण्याचा निर्णय शासनाने घेतला. त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना पुन्हा संपावर जावे लागले. शासनाने शब्द द्यावा आणि तो पाळला जावा म्हणून आरोग्यसेवा बंद पडावी, यात बचत झाली ती कोणाची?

नवी महाविद्यालये, जुनीच माणसे

विशेषज्ञांचा प्रश्न अधिक अवघड आहे. ग्रामीण आरोग्याच्या केंद्रीय आकडेवारीनुसार २०२१-२२ मध्ये देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत निकषांच्या तुलनेत सुमारे ऐंशी टक्के विशेषज्ञ कमी होते. त्यावर अधिक महाविद्यालये हा उपाय सुचविला जातो. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. डॉक्टर वाढावयास हवेत यात वाद नाही. परंतु शिकविणार कोण? निरीक्षणाची वेळ आली की एका महाविद्यालयातील अध्यापक दुसऱ्यात पाठवावयाचे, ही प्रथा या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. नवे महाविद्यालय जुन्याचे अध्यापक घेऊन उभे राहिले, तर पदवीधर वाढतील आणि रुग्णालये मात्र पूर्वीइतकीच उपाशी राहतील.

पदवीनंतर एक वर्षाच्या सक्तीच्या सेवेचे बंधपत्रही या दुखण्यावर पुरेसे ठरलेले नाही. दंड भरून सुटका करून घेता येते, आणि जो जातो त्याचे लक्ष पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेकडे असते. नेमणुका तर अनेकदा एकेकट्या होतात. स्त्रीरोगतज्ज्ञ एका तालुक्यात व भूलतज्ज्ञ दुसऱ्यात असेल, तर सिझेरियनची शस्त्रक्रिया दोन्हीकडे होत नाही. दोघांचे वेतन दिले जाते आणि गर्भवतीला मात्र जिल्ह्याचाच रस्ता धरावा लागतो.

करता येण्यासारखे

यांतील कोणत्याही दुखण्याला औषध नाही असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली कामाच्या भारावरून मनुष्यबळ ठरविण्याची पद्धत पुढे ठेवली. एका प्रसूतीला, एका लसीकरण सत्राला किती वेळ लागतो, वर्षात अशी कामे किती, यावरून माणसे मोजावयाची, हे तिचे सार आहे. तामिळनाडूने २०१२ साली आरोग्यसेवेसाठी स्वतंत्र भरती मंडळ स्थापले. सेवेत असलेल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी मान्य केला; खेड्यात सेवा केली तर पुढे शिकता येईल, ही आशा दंडाच्या धाकापेक्षा अधिक बळकट ठरते. छत्तीसगडने दुर्गमतेनुसार गावांची वर्गवारी करून जादा भत्ते देण्याची योजना आखली.

महाराष्ट्राने निदान तीन गोष्टी कराव्यात. पुढील दहा वर्षांत कोणत्या महिन्यात कोण निवृत्त होणार याची यादी आजच तयार करून दरवर्षी ठरलेल्या तारखेस भरती करावी. आकृतिबंध लोकसंख्येऐवजी कामावर आणि अंतरावर बेतावा, रजेचे राखीव मनुष्यबळ त्यात धरावे व विशेषज्ञ जोडीने नेमावेत. आणि प्रत्येक रुग्णालयातील मंजूर व भरलेली पदे दर महिन्यास दर्शनी फलकावर लिहावीत. सार्वजनिक आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण विभाग, जिल्हा परिषदा आणि महापालिका अशा चार घरांत विभागलेल्या या सेवेचा एकत्रित हिशेब त्याशिवाय कोणालाच दिसणार नाही.

याला पैसा लागेल. तो आजही खर्च होतोच. फक्त तो रुग्णाच्या नातेवाइकाच्या खिशातून, विकलेल्या बैलजोडीतून आणि सावकाराच्या कर्जातून खर्च होतो, म्हणून अर्थसंकल्पात दिसत नाही. नांदेडच्या बारा बालकांचा हिशेबही कोणत्याच लेखाशीर्षाखाली लिहिला गेला नाही. रिक्त पदामुळे वाचलेला रुपया हा वाचलेला रुपया नसतो, हे वित्त विभागाला ज्या दिवशी पटेल, त्या दिवशी आरोग्यसेवेच्या नियोजनाला खरी सुरुवात होईल.