पडीक म्हणू नका, माती जिती आहे



पावसाळा तोंडावर आला की गावाशेजारच्या माळावर खड्ड्यांचं आणि चरांचं काम निघतं. सरकारी कागदावर त्या जागेला 'पडीक' नाहीतर 'उजाड वन' म्हटलेलं असतं. जागा उजाड, तिथे झाडं लावायची, झाडं हवेतला कर्बवायू ओढतील, असा साधा हिशेब. पण ती जागा आधीच काय करते आहे, हे त्या हिशेबात कुणी धरलेलंच नाही.

पहिल्या पावसानंतर दोन दिवसांनी माळावर जाऊन खाली बसून बघा. मातीवर काळपट-हिरवा पापुद्रा दिसेल. कुठे बुळबुळीत शेवाळ फुगून आलेलं, कुठे मखमलीसारखं बारीक हिरवं, दगडाला दगडफूल. उन्हाळ्यात हाच पापुद्रा काळा, खरबरीत, मेल्यासारखा दिसतो. तो मेलेला नसतो, झोपलेला असतो. कोरड्या मुलखात झाडं विरळ असतात, तिथे मातीची ही कातडीच मोठं काम करते. जगातल्या जमिनीचा सुमारे १२ टक्के भाग अशा पापुद्र्याने झाकलेला आहे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पाणी पडलं की हे जीव काही मिनिटांत जागे होतात. जागे होताना आधी कर्बवायू बाहेर सोडतात. मग ओल आणि उजेड टिकला तर झाडाच्या पानासारखे तोच वायू आत घेऊन अन्न तयार करतात. ओल बराच वेळ राहिली तर शिल्लक पडते. नुसती भुरभुर येऊन लगेच कडक ऊन पडलं तर तोटा होतो. मजुरीला जाताना गाडीभाडं गेलं आणि काम मिळालंच नाही, तशी गत.

यातले काही जीव हवेतला नत्रही धरून मातीला देतात. त्यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन परत हवेत जातो. हा वायू हवा तापवण्यात, वजनाला वजन धरलं तर, कर्बवायूच्या सुमारे २७० पट भारी. म्हणून पापुद्रा सगळं चांगलंच करतो असं आम्ही म्हणत नाही. तो घेतो आणि देतोही. मोजायचं तर दोन्ही बाजू मोजा, एवढंच म्हणणं आहे.

हे काही परदेशी खूळ नाही. १९३९ साली आपल्याच देशातले पी. के. डे यांनी दाखवून दिलं की भातखाचरातलं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नत्र मातीत आणतं. १९५० साली बनारसचे आर. एन. सिंह यांनी उत्तर प्रदेशातल्या उसर, म्हणजे खारवट नापीक जमिनी याच शेवाळाने सुधारता येतात हे मांडलं. म्हणजे ज्याला नापीक म्हणतात तिथेही जीव आहे.

पापुद्रा जेमतेम काही मिलिमीटर जाड. तो मातीचे कण बांधून ठेवतो. जेसीबीचा दात लागला की तो फाटतो. खाली साठलेला जुना कर्ब उघडा पडतो, हवा लागून त्याचा कर्बवायू होतो, आणि मोकळी माती पहिल्याच जोरदार सरीत नाल्याला जाते. अमेरिकेतल्या युटा राज्यात राष्ट्रीय उद्यानांमध्ये लोकांना सांगतात, पायवाट सोडू नका, मातीवर पाय देऊ नका. कारण फाटलेला पापुद्रा भरून यायला कित्येक दशकं लागू शकतात. तिथे पाय नको म्हणतात, इथे आपल्या माळावर मशीन घालतात!

आमचा झाडांना विरोध नाही. चराच्या कामात गावाला मजुरी मिळते, पाणी मुरतं, तेही आम्हाला माहीत आहे. ज्याच्या घरात चूल त्या मजुरीवर पेटते त्याला काम सोड म्हणायचं नाही. काम कुठे करायचं ते गावाने ठरवायचं. नाले, घळी, जिथे माती आधीच वाहून गेली आहे तिथे बांध घाला, चर खणा. मजुरी तीच मिळेल आणि माळाची कातडी वाचेल.

वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ ने जंगल, जैवविविधता आणि पाणी राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. सामूहिक दाव्याच्या जागेवर आपल्याला न विचारता रोपवन उभं राहिलं, तर उद्या चराईची आणि डिंक-पाल्याची वाट तारेच्या कुंपणाने बंद होईल. आणि त्या कुंपणाला नाव दिलं जाईल हवामान वाचवण्याचं.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी करू या. पहिली, बाया-माणसं, गुराखी पोरं सगळ्यांनी मिळून शिवारफेरी काढायची आणि पापुद्र्याच्या जागा नकाशावर दाखवायच्या. दुसरी, त्या जागांवर मशीन चालणार नाही आणि ग्रामसभेच्या परवानगीशिवाय रोपवन होणार नाही, असा लेखी ठराव घ्यायचा, त्याची पोच घ्यायची. तिसरी आपल्या स्वतःसाठी: त्या माळावर वणवा लावायचा नाही, ट्रॅक्टर फिरवायचा नाही, गुरं एकाच जागी रोज न नेता पाळीने न्यायची. दुसऱ्याला नियम सांगायचा तर आधी आपण पाळला पाहिजे.

जमीन आपल्या हक्काची आहे. तिचा श्वास राखणं हेही त्याच हक्कात येतं.

जल, जंगल, जमीन जिंदाबाद!