नावाची पाटी आणि विषयांची यादी

मुलांनो, शेअरचे भाव उद्या चढतील की पडतील, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्यातला धोका किती, हे गणितानं मोजता येतं. हेच क्वांटिटेटिव्ह फायनान्स! तुमच्या घरातली ताई किंवा दादा ते शिकायला ब्रिटनला निघाले, तर प्रश्न पडतोच : ऑक्सफर्ड, इम्पीरियल की वॉरिक?

नुसत्या नावाला भुलू नका बरं का! ऑक्सफर्डचा अभ्यासक्रम दहा महिन्यांचा; गणिताच्या जोडीला संगणकाचंही काम. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात 'गणित आणि वित्त' हा अभ्यासक्रम गणित विभाग चालवतो. वॉरिकला गणित, संख्याशास्त्र आणि व्यवस्थापन असे तीन विभाग मिळून शिकवतात. गंमत म्हणजे, हे विद्यापीठ वॉरिक गावात नाही, कॉव्हेंट्रीला आहे!

म्हणून पालकांनो, कर्ज काढण्याआधी विषयांची यादी ओळ न् ओळ वाचा. आपल्या मुलाची तयारी तिच्याशी जुळते का, ते बघा. जेमतेम वर्षभराचा अभ्यास. कच्चं गणित पक्कं करायला तिथं सवड नसते.

आणि मुलांनो, ते पक्कं करायची जागा म्हणजे तुमचा आजचा वर्ग. तेव्हा संभाव्यतेचा धडा ऑप्शनला टाकू नका हं!