न आलेल्या मालाचा भाव

माल बाजारात येण्याआधी त्याच्या भावाची चर्चा होणे ही आपल्या धंद्यात नवी गोष्ट नाही. सूत, मजुरी आणि रंगाई जोडून आम्ही कापडवाले हाच हिशेब रोज मांडतो. आता आपली तरुण मुले मोबाईल आणि विजेच्या वस्तूंच्या व्यापारात उतरली आहेत. व्हर्च्युअल रिॲलिटी हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधताच बसल्या जागी दुसरेच जग दाखवणारे यंत्र, त्याचे नवे मॉडेल येणार असे कळले की भावाचे अंदाज सुरू होतात. अंदाज जरूर बांधावा; पण त्यावर जबान देऊ नये, असे आमचे मत आहे.

अमेरिकेतील ऑक्युलस रिफ्टचा दाखला पाहा. २०१२ मध्ये पामर लकी या तरुणाने लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन हे काम उभे केले. प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीचा पहिला नमुना ३०० डॉलरला आणि २०१४ चा दुसरा ३५० डॉलरला मिळत होता. २०१४ मध्येच फेसबुकने ही कंपनी विकत घेतली. सप्टेंबर २०१५ मध्ये लकी यांनी सांगितले की, किंमत साधारण ३५० च्या आसपास, पण त्याहून जास्त असेल. लोकांनी वाक्याचा पहिला भाग धरला, दुसरा सोडला. जानेवारी २०१६ मध्ये भाव जाहीर झाला तो ५९९ डॉलर! मोठी ओरड झाली आणि भावाबाबत आपण नीट बोललो नाही, हे लकी यांना जाहीरपणे कबूल करावे लागले.

लोकांचा अंदाज का चुकला? त्यांनी नमुन्याचा भाव तयार थानाला लावला. दुसऱ्या नमुन्यात मोबाईलचा पडदा बसवला होता. तयार मालात खास बनवलेले दोन पडदे आणि नवी भिंगे होती. शिवाय यंत्र चालवायला ताकदवान कॉम्प्युटर हवा होता. दोन्ही मिळून खर्च १५०० डॉलरच्या घरात जाईल, हे कंपनीने २०१५ मध्येच सांगितले होते.

मालाचा खर्च कळला तरी भाव कळत नाही. विकणारा नफा कुठे काढणार, हेही पाहावे लागते. फेसबुकचे नाव २०२१ मध्ये मेटा झाले. ही कंपनी यंत्र स्वस्त देऊन पुढे खेळांच्या विक्रीतून कमाई पाहते. तिचे क्वेस्ट २ हे यंत्र २०२० मध्ये २९९ डॉलरला आले. ॲपल यंत्रावरच नफा घेते. तिचे व्हिजन प्रो फेब्रुवारी २०२४ मध्ये ३४९९ डॉलरला विक्रीस आले. दोन्ही डोळ्यांवर बांधायचीच यंत्रे, पण माल वेगळा आणि गल्लाही वेगळा.

व्यापाऱ्याला खरा धोका पुढे आहे. रिफ्टसोबत हातात धरायची टच नावाची जोडी डिसेंबर २०१६ मध्ये १९९ डॉलरला आली. म्हणजे दोन्हींचे झाले ७९८. मार्च २०१७ मध्ये हाच जोड ५९८ वर उतरला आणि जुलैमध्ये सवलतीत ३९९ ला, म्हणजे बरोबर निम्म्या भावात मिळू लागला. आपल्याकडे कापड पडून राहिले तर पुढच्या सणाला निघते. असा माल पडून राहिला तर भांडवलच निम्मे होते.

म्हणून तरुण व्यापारी बांधवांना आमचे सांगणे आहे: भाव जाहीर होण्याआधी गिऱ्हाइकाला आकडा सांगू नका. बयाणा घ्यायचाच असेल तर "भाव जाहीर होईल तो, नको असेल तर पैसे परत" असे लिहून द्या. पहिली खेप थोडी घ्या. तुम्ही "आसपास" म्हणता, गिऱ्हाईक फक्त आकडा ऐकते, आणि दुकानात तोच तुमचा शब्द ठरतो.