कुलूपबंद अक्षरं

७ नोव्हेंबरला आपण साताऱ्यात जमतो. १९०० साली त्या दिवशी भीवा इथल्या सरकारी शाळेत दाखल झाला, म्हणून हार, घोषणा. पण त्याच्या गोणपाटाचं कोण बोलतं? शाळेचा गडी त्याला शिवत नव्हता. पोरानं ते संध्याकाळी घरी न्यायचं, सकाळी परत आणायचं. बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. आपलं पहिलं शैक्षणिक साहित्य ते.

परवा सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत गेलो. नाव सांगत नाही, असल्या पुष्कळ आहेत. कपाटात अक्षरकार्डं, मणी, ठोकळे. कपाटाला कुलूप. गुरुजी म्हणाले, "पोरं हरवत्यात. सायेब आले की काढतो." आणि पहिलीतली आपली पोरं अननसाचा अ ओरडत बसलेली. अननस त्यांच्या बापानं तरी खाल्लाय का?

होत नाही असंही नाही. साताऱ्याजवळ कुमठे बीटात प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी करून दाखवलं. खडे, काड्या, बाटल्यांची झाकणं, फरशीवर आखलेले तक्ते. पोरं जमिनीवर बसून हातानं शिकली. राज्यभरातले मास्तर बघायला आले. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा जीआर निघाला आणि गावोगाव फरश्या रंगल्या. रंग पोचला. पोराचा हात लागू द्यायचा, हे मात्र वाटेतच सांडलं. २०२३ ला दिल्लीनं 'जादुई पिटारा' काढला. त्याची किल्ली कुणाकडं राहणार, ते विचारा.

आपल्यातलेच काही शहाणे म्हणतात, चिंचोक्यांनी कसली क्रांती? शहरात हेच लाकडाचं करून फी घेतात, त्याला मॉन्टेसरी म्हणतात. आमच्या पोरांनी केलं की टाइमपास! वाटेगावच्या अण्णाभाऊंच्या दीड दिवसाच्या शाळेचं आपण कौतुक करतो. कौतुक कसलं, लाज वाटायला पाहिजे शाळेला.

आम्ही रविवारी विहारात बसतो. लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापले. क, म, र, आणि काना सुटा. काना सुटा पाहिजेच, तो सरकवला की शब्द बदलतो, हे पोराच्या बोटाला आधी कळतं. मका. काम. कर. बारखडी पाठ करून हे कळत नाही.

एका कार्यकर्त्यानं 'राम' लावून दाखवला. सहा वर्षांच्या पोरीनं तेच तीन तुकडे उलटे मांडले आणि मोठ्यानं वाचलं, "मार."