हनुवटीचा बाजार आणि संमतीचा कागद



रंग, उंची, चष्मा, दात. मुलगी 'दाखवण्या'च्या कार्यक्रमात आजवर एवढ्यावर भागत असे. आता या यादीत हनुवटीची भर पडली आहे. 'हनुवटी आत गेलेली', 'जबडा चौकोनी', 'डबल चिन' अशी व्यंगांची नवी नावे मोबाइलवरच्या जाहिरातींतून घरोघर पोचली आहेत. व्यंगाला नाव मिळाले की उपचार आलाच, आणि उपचारामागोमाग हप्तेबंदी.

हे उपचार आहेत तरी काय? सुईने करायच्या उपचारांत ह्यालुरॉनिक आम्लाचे फिलर हनुवटीत किंवा जबड्याच्या कडेने टोचतात. हा भराव शरीर हळूहळू शोषून घेते, त्यामुळे तो पुनःपुन्हा टोचून घ्यावा लागतो. म्हणजे गिऱ्हाईक कायमचे बांधलेले! चावण्याचा स्नायू बारीक दिसावा म्हणून त्यात बोटॉक्स देतात. त्याचा परिणाम काही महिन्यांचाच. हनुवटीखालची चरबी विरघळवणाऱ्या डीऑक्सिकोलिक आम्लाच्या इंजेक्शनला अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली. 'ऑपरेशन नाही, लगेच घरी' हे खरे, पण 'धोका नाही' हे खोटे. फिलर चुकून रोहिणीत गेले तर रक्तपुरवठा तुटून कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते. अशा वेळी फिलर विरघळवणारे औषध तातडीने टोचावे लागते. ते तिथल्या कपाटात असते का, आणि ते टोचणारी व्यक्ती डॉक्टर असते का?

सुरीचे उपचार याहून मोठे. हनुवटीत सिलिकॉनचा तुकडा बसवतात, किंवा ओठाच्या आतून हाड कापून पुढे सरकवून पट्टी-स्क्रूने जोडतात, किंवा जबड्याचे कोपरे तासतात. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस याच हाडातून जाते. ती दुखावली तर ओठ बधिर होतो, कधी कायमचा.

जबड्याची शस्त्रक्रिया ही काहींची गरजही असते, हे विसरून चालणार नाही. कोणाचे तोंड उघडत नाही, कोणाचे दात एकमेकांवर टेकत नाहीत. आणि 'मोरीत पाय घसरला' असे सांगत दवाखान्यात आलेली, नवऱ्याच्या ठोशाने जबडा मोडलेली बाई आपल्या कार्यकर्त्यांना नवीन नाही. तिच्यासाठी कोणी जाहिरात करत नाही.

१९९६ साली बंगळूरच्या मिस वर्ल्ड स्पर्धेला स्त्री संघटनांनी विरोध केला तेव्हा समोर एक व्यासपीठ तरी होते. आज नोकरी करणारी मुलगी म्हणते, "पैसे माझे, चेहरा माझा." तिला नावे ठेवण्यात आम्हांला रस नाही. पण निर्णय तिचा असेल तर संपूर्ण माहितीही तिच्या हक्काची आहे. १९८६ साली नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाविरुद्ध संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हाही प्रश्न हाच होता: बाईला काय सांगून सुई टोचली?

दक्षिण कोरियातली घटना या संदर्भात वाचण्यासारखी आहे. जबडा तासून निमुळता करण्याची शस्त्रक्रिया तिथे सर्रास होते. २०१६ साली सोलमध्ये अशाच शस्त्रक्रियेत एका विद्यार्थ्याला अतिरक्तस्राव झाला आणि काही आठवड्यांनी तो गेला. (होय, मुलगाच. बाजार आता पुरुषांनाही सोडत नाही.) त्याच्या आईने शस्त्रक्रियागृहातले चित्रीकरण मिळवून ते शेकडो वेळा पाहिले. मुख्य डॉक्टर काम अर्धवट टाकून दुसऱ्या खोलीत गेलेला, रुग्णाजवळ बराच वेळ केवळ मदतनीस. ही बाई फलक घेऊन संसदेसमोर उभी राहिली. डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध असूनही २०२१ साली कायदा झाला आणि सप्टेंबर २०२३पासून लागू झाला: पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेच्या खोलीत कॅमेरा हवा, आणि रुग्णाने मागणी केली तर चित्रीकरण झालेच पाहिजे.

आपल्याकडे कायदा अगदीच नाही असे नाही. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. २००८च्या समीरा कोहली खटल्यात तर एका तपासणीसाठी दिलेल्या संमतीवर गर्भाशय काढून टाकल्याचा प्रश्न होता. ज्या उपचाराला संमती दिली तेवढीच ती लागू, आणि धोके व पर्याय सांगितल्याशिवाय संमती खरी नव्हे, असा तो निकाल सांगतो. हनुवटीच्या सुईलाही तो लागू पडतो.

मात्र बहुतेकींच्या हाती येतो तो बारीक टायपातला इंग्रजी कागद, तोही बहुधा पैसे भरून झाल्यावर. त्यामुळे गटांनी आपापल्या गावातल्या क्लिनिकांत जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात: संमतीपत्र मराठीत मिळते का, टोचणाऱ्याचा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला आहे का, आणि बिघडले तर कोणत्या रुग्णालयात नेणार याचे उत्तर कोणी देते का. जे आढळेल ते आम्हांला लिहून कळवा.